बिघडलेला कॅमेरा

परभणी जिल्ह्यात पूर्णा हे गाव आहे. नदीचे नाव पूर्णा आणि गावाचेही नाव पूर्णा. ही नदी पुढे गोदावरीला मिळते. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन आहे. एका बाजूला परभणी, दुसऱ्या बाजूला नांदेड. तिसरा फाटा हिंगोलीवरून अकोल्याला जातो. वाफेच्या इंजिनांच्या काळात येथे इंजिनांची शेड होती. गावातील कितीतरी घरे रेल्वेच्या पगारावर चालत.

असेच एक घर आपण डोळ्यांपुढे आणू. घरात चार माणसे आहेत. बाबा शेडमध्ये फिटर होते, आता घरीच असतात. आई संध्याकाळी साक्षरता वर्गाला जाते. मुलगा लग्नकार्यात फोटो काढतो. सून शिवणकाम करते. मुलाने कॅमेरा घेतला तेव्हा आईने आपल्या बचत गटातून कर्ज काढून दिले. त्या कर्जाचे सहा हप्ते अजून बाकी आहेत.

एका रात्री मुलगा लग्न आटोपून घरी आला. लग्न गोदाकाठच्या एका खेड्यात होते. उघड्या माळावर मांडव, दिवसभर धूळ. मुलगा न जेवताच कंदिलासारखा दिवा जवळ घेऊन बसला. हातात स्क्रू खोलायचा पेचकस होता.

बाबांनी विचारले, "काय करायलास रे?"

"कॅमेरा बंद पडलाय, बाबा. वरात निघाली आणि फोटोच निघेना. बटण दाबलं की पडद्यावर चूक झाली म्हणून इंग्रजीत अक्षरं येतात. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आतलं बोर्ड गेलं असणार, बारा हजार लागतील, नाहीतर नवाच घ्या."

"त्यानं कॅमेरा पाहिला का?"

"नाही. फोनवरच सांगितलं."

"आणि तू खोलायला बसलास! पेचकस खाली ठेव आधी."

बाबांनी पेचकस का खाली ठेवायला लावला? कॅमेऱ्यात फ्लॅशचा दिवा असतो. तो क्षणभर लख्खकन पेटतो. त्यासाठी लागणारी वीज आत एका छोट्या नळकांडीत साठवून ठेवलेली असते. तिला कपॅसिटर म्हणतात. त्यात सुमारे ३०० व्होल्टपर्यंत वीज असू शकते. बॅटरी काढून घेतली तरी ती वीज काही काळ तशीच राहते. तिथे पेचकस किंवा बोट लागले तर जबर झटका बसतो. म्हणून एक नियम पक्का ध्यानात ठेवा. कॅमेरा घरी कधीही खोलू नये.

आधी फोटो वाचवा

आई जवळ येऊन बसली. तिने वेगळेच विचारले, "आजच्या लग्नाचे फोटो कुठं आहेत?"

"कार्डातच आहेत. बाराशे आहेत."

"मग ते आधी काढून ठेव. कॅमेरा दुसरा मिळंल. त्या पोरीचं लग्न काय परत लागणार आहे का?"

आईचे बोलणे अगदी बरोबर होते. कॅमेरा बिघडला की माणूस त्याच्याशी झटापट करू लागतो. बटणे दाबतो. एखादे चुकीचे बटण दाबले जाते आणि कार्ड कोरे होते. म्हणून पहिले काम हे. कॅमेरा बंद करावा. कार्ड बाहेर काढावे. त्यातील फोटो संगणकावर उतरवावेत आणि दुसऱ्या एका जागीही त्यांची प्रत ठेवावी.

समजा, फोटो चुकून पुसले गेले, तर काय करावे? त्या कार्डावर नवा एकही फोटो काढू नये. पुसलेला फोटो लगेच नाहीसा होत नाही. शेतातील नोंद सातबाऱ्यावरून खोडली तरी शेत जागेवरच असते, तसे. पण त्या जागेवर दुसरा फोटो आला की मग पहिला गेलाच. कार्ड बाजूला ठेवले तर जाणता माणूस पुष्कळदा फोटो परत मिळवून देतो.

मुलगा त्याच रात्री शेजारच्या घरी गेला. तिथे संगणक होता. बाराशे फोटो उतरवले, त्यांची दुसरी प्रत केली आणि मगच तो जेवायला बसला.

कॅमेऱ्याच्या पोटात काय असते?

बिघाड शोधायचा तर वस्तू चालते कशी, ते थोडेसे ठाऊक हवे.

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मची गुंडाळी घालत. फिल्मवर प्रकाश पडला की तिच्यावरच्या रसायनात चित्र उमटे. फिल्म धुतल्याशिवाय फोटो कसा आला ते कळत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नसते. तिच्या जागी सेन्सर असतो. सेन्सर म्हणजे नखाएवढी किंवा त्याहून मोठी एक पट्टी. तिच्यावर लक्षावधी बारीक घरे असतात. प्रकाश पडला की प्रत्येक घरात विजेचा अंश तयार होतो. जिथे उजेड जास्त, तिथे वीज जास्त. या विजेचे आकडे होतात आणि ते आकडे कार्डावर लिहिले जातात.

अशा प्रकारच्या सेन्सरची कल्पना १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत निघाली. बॉइल आणि स्मिथ हे तिचे जनक. त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन साडेतीन किलोच्या वर होते. एक फोटो कॅसेटवर नोंदायला त्याला २३ सेकंद लागत. आज तेच काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते.

आता कॅमेऱ्याचे मुख्य भाग मोजू.

लेन्स म्हणजे भिंग. ती प्रकाश आत घेते. लेन्सच्या आत एक छिद्र असते. ते लहानमोठे होते, डोळ्याच्या बाहुलीसारखे. त्याला ॲपर्चर म्हणतात. लेन्सच्या मागे शटर असते. शटर म्हणजे पडदा. तो क्षणभर उघडतो आणि मिटतो. पडद्यामागे सेन्सर. सेन्सरकडून फोटो कार्डावर जातो. या सगळ्यांना वीज पुरवते ती बॅटरी.

सहा भाग झाले. बिघाड पुष्कळदा या सहांपैकी एकात असतो. कोणत्या, ते शोधायचे.

फिटरची रीत

बाबा म्हणाले, "आमच्या शेडमध्ये इंजिन आलं की आम्ही आधी हत्यार उचलत नव्हतो. ड्रायव्हरनं वहीत काय लिहिलंय ते पाहायचं. कधी बिघडलं? चढावर का सपाटीला? मग सोप्यापासून अवघडाकडं जायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशानं दुरुस्त झालं ते कळत नाही."

वाफेची इंजिने गेली. छोटा रूळ जाऊन मोठा रूळ आला. पण बाबांची रीत जुनी झाली नाही. ती कॅमेऱ्यालाही लागू पडते, शिलाई मशीनलाही आणि पाण्याच्या मोटारीलाही.

सकाळी मुलाने वही घेतली. आईने त्यात एकेक ओळ लिहिली. तिचे अक्षर मोठे आणि सावकाश, पण लागणारे होते.

पहिली तपासणी बॅटरीची. बॅटरी कमी भरलेली असली तर कॅमेरा चालू होतो, पण मध्येच अडतो. म्हणून ती पूर्ण चार्ज करावी. तिच्या टोकाचे पत्रे कोरड्या सुती कापडाने पुसावेत. दुसरी बॅटरी असेल तर ती घालून पाहावी. बॅटरी फुगलेली दिसली तर ती मुळीच वापरू नये. तिला टोचू नये, दाबू नये, चुलीत टाकू नये. ती पेट घेते. मुलाच्या दोन्ही बॅटऱ्या चांगल्या निघाल्या. आईने लिहिले, "बॅटरी ठीक."

दुसरी तपासणी कार्डाची. कार्डाच्या डाव्या कडेला एक इवलीशी कळ असते. ती खाली सरकली की कार्डाला कुलूप लागते. मग कॅमेरा त्यावर काही लिहीत नाही. कितीतरी कॅमेरे केवळ या कळीमुळे दुकानात जातात! कळ वर असेल तर दुसरे कार्ड घालून पाहावे. मुलाने पाहिले. चूक तीच आली. आईने लिहिले, "कार्ड ठीक."

तिसरी तपासणी मांडणीची, म्हणजे सेटिंगची. एखादे बटण धक्क्याने फिरते आणि फोटो काळे किंवा पांढरेफटक येतात. अशा वेळी सगळी मांडणी कारखान्यातून आली तशी करण्याची सोय कॅमेऱ्यात असते. मुलाने तेही केले. फरक पडला नाही. आईने लिहिले, "मांडणी ठीक."

चौथी तपासणी लेन्सच्या जोडाची. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स फिरवून काढता येते. तिच्या मागे सोनेरी ठिपके असतात. त्यांतून कॅमेरा लेन्सशी बोलतो. ठिपक्यांवर धूळ किंवा घाम बसला की बोलणे तुटते. कॅमेरा बंद करून ते मऊ कोरड्या कापडाने पुसावेत. घासकागद लावू नये. लेन्स काढताना कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे धूळ आत जात नाही. आणि तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीबरोबर थुंकीचे शिंतोडे आत उडतात. त्यासाठी रबरी फुगा मिळतो, तो दाबून हवा मारावी.

मुलाने ठिपके पुसले. दोन फोटो निघाले. त्याचा चेहरा खुलला. तिसऱ्या फोटोला पुन्हा तीच चूक!

बाबा म्हणाले, "थांब. आता लेन्स बदलून बघ. तुझ्या दोस्ताकडं आहे ना तसलीच?"

मुलगा दोस्ताची लेन्स घेऊन आला. आपल्या कॅमेऱ्याला ती लावली. एक, दोन, दहा, पन्नास फोटो काढले. एकदाही चूक आली नाही.

"मग कॅमेरा चांगलाय!" आई म्हणाली.

होय. कॅमेरा चांगला होता. दोष लेन्समध्ये होता. बोर्ड गेलेच नव्हते. न पाहता सांगितलेले बारा हजार वाचले.

दोष नेमका कुठे?

बाबांचे समाधान झाले नाही. "लेन्समधी काय बिघडलं?"

मुलाने मग आणखी एक प्रयोग केला. आपली लेन्स पुन्हा लावली. ॲपर्चरचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून फोटो काढला. फोटो आला! छिद्र लहान करून काढला. चूक आली. पुन्हा उघडे केले, फोटो आला. पुन्हा लहान केले, चूक आली.

याचा अर्थ काय? एरवी छिद्र उघडेच असते, म्हणून डोळा लावून पाहिले तर सारे ठीक दिसते. बटण दाबले की त्या क्षणी छिद्र लहान होते आणि लगेच पुन्हा उघडते. हे काम एक छोटी मोटर करते. तिला वीज नेणारी एक चपटी पातळ पट्टी लेन्सच्या आत असते. झूम करताना लेन्स मागेपुढे होते, तशी ती पट्टीही वाकते. हजारो वेळा वाकून ती तडकते. तार वाकवत राहिले की तुटते, तसेच. स्वस्त लेन्समध्ये हा बिघाड पुष्कळ आढळतो.

आईने लिहिले, "दोष लेन्सचा. छिद्र लहान केले की चूक येते." ही ओळ म्हणजे दुरुस्तीवाल्यासाठी लाखमोलाची गोष्ट. आता त्याला काहीही सांगून पैसे काढता येणार नाहीत.

दुसरे काही बिघाड

सगळे बिघाड सारखे नसतात. काही खुणा ओळखून ठेवा.

प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका येत असेल, तर धूळ बहुधा सेन्सरवर आहे. छिद्र लहान करून पांढऱ्या कागदाचा फोटो काढावा, म्हणजे ठिपका स्पष्ट दिसतो. सेन्सर स्वतः पुसू नये. त्यावर चरा पडला तर तो बदलावाच लागतो.

भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. पावसाळ्याच्या ओलीने ती वाढते. म्हणून कॅमेरा कातडी पिशवीत महिनोन्महिने कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्यात कॅमेरा ठेवावा. अधूनमधून तो बाहेर काढून वापरावा.

छोट्या कॅमेऱ्याची लेन्स बाहेर आली आणि आत जाईना, तर तिच्या फटीत बहुधा वाळूचा कण अडकला आहे. ती हाताने दाबू नये. आतले प्लास्टिकचे दात तुटतात.

कॅमेरा पाण्यात पडला, तर तो चालू करून पाहू नये. ताबडतोब बॅटरी आणि कार्ड काढावे. वरचे पाणी टिपून घ्यावे, कोरड्या जागी ठेवावा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्यावा. उन्हात तापवू नये. ओल्या कॅमेऱ्यातून वीज वाहिली तर मोठे नुकसान होते.

कधी दोष आपला नसतो, बनवणाराचाच असतो. २००५ साली असे उघड झाले की, सोनी कंपनीने बनवलेल्या काही सेन्सरमधले जोड उष्ण व दमट हवेत सुटतात. फोटो वाकडे, जांभळट किंवा काळे येत. तेच सेन्सर कॅनन, निकॉन यांच्याही काही कॅमेऱ्यांत होते. कंपन्यांनी वॉरंटी संपलेली असूनही असे कॅमेरे फुकट दुरुस्त करून दिले. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी, आपल्या कॅमेऱ्याबद्दल असे काही जाहीर झाले आहे का, ते कंपनीला विचारावे. वॉरंटीचे कार्ड वाचावे. मुदत आहे का, तारीख पाहावी.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

आता खरा प्रश्न आला. आठ दिवसांनी दुसरे लग्न होते. आगाऊ रक्कम घेतलेली होती. घरची चारही माणसे हिशेबाला बसली.

नांदेडच्या एका कारागिराने लेन्स पाहून सांगितले, "पट्टी बदलावी लागेल. २,४०० रुपये. बारा दिवस लागतील. तीन महिन्यांची हमी." तसलीच जुनी लेन्स ३,८०० रुपयांना मिळत होती. तिची हमी कोणी देत नव्हते. नवा कॅमेरा घ्यायचा तर ४५,००० रुपये. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावी भाव वेगळे असतील. रीत मात्र हीच.

मुलगा म्हणाला, "जुनी लेन्स आजच मिळती. घेऊन टाकावी."

सून म्हणाली, "आठ दिवसांनी लागणारे लेन्स. तेवढ्या एका दिवसापुरती भाड्यानं घेतली तर?"

भाडे ५०० रुपये होते. दुरुस्ती २,४०० आणि भाडे ५००, मिळून २,९०० रुपये. जुन्या लेन्सपेक्षा ९०० रुपये कमी, शिवाय हमी लेखी.

बाबा म्हणाले, "पण कॅमेराच म्हातारा झाला असेल तर? मरणाऱ्या बैलाला नवी नाल कशाला?"

प्रश्न योग्य होता. कॅमेऱ्याचे वय वर्षांवर मोजत नाहीत. शटर किती वेळा उघडले, त्यावर मोजतात. ही संख्या काही कॅमेऱ्यांत फोटोच्या माहितीतच मिळते. काहींत ती संगणकाला जोडून किंवा दुरुस्तीवाल्याकडून कळते. साध्या वर्गातील अनेक कॅमेऱ्यांचे शटर सुमारे १,००,००० वेळा चालेल, असा अंदाज धरतात. तो अंदाजच आहे. काही शटर आधी जातात, काही पुढेही चालतात.

मुलाच्या कॅमेऱ्याचे शटर ६२,००० वेळा चालले होते. उरले ३८,०००. एका लग्नात तो सुमारे १,५०० फोटो काढतो. म्हणजे अजून साधारण २५ लग्ने. एका लग्नामागे खर्च वजा जाता ४,००० रुपये उरतात असे धरा. पंचवीस लग्नांचे १,००,००० रुपये होतात. एवढे कमावून देणाऱ्या वस्तूवर २,९०० रुपये खर्च करणे शहाणपणाचे आहे.

पण हिशेब उलटाही निघू शकतो. समजा, शटर १,२०,००० वेळा चालून तुटले आहे. दुरुस्ती ९,००० रुपये. तसाच चांगला जुना कॅमेरा १६,००० रुपयांना मिळतो. दुरुस्तीचा खर्च निम्म्याहून जास्त झाला. त्यात बाकीचे भागही झिजलेले. अशा वेळी दुरुस्ती करू नये. जुन्या वस्तूचा लोभ धरला की माणूस तिच्यावर तीनदा पैसे घालतो आणि शेवटी टाकूनच देतो.

आणि कॅमेरा पोटाचा नसून हौसेचा असेल तर? तर आणखी एक गोष्ट स्वतःला विचारावी. गेल्या वर्षभरात आपण तो किती वेळा वापरला? हातातल्या मोबाईलने ते काम होते का? होत असेल तर घाई कशाला?

पावती

लेन्स देण्यासाठी मुलगा नांदेडला निघाला. आई म्हणाली, "मी पण येते." दोघे गाडीने गेले. कारागिराने पावती फाडून दिली. मुलगा ती खिशात घालणार, तोच आईने हातात घेतली. बोट ठेवून वाचू लागली.

"लेन्स, एक नग, दुरुस्ती." एवढेच लिहिले होते.

आई म्हणाली, "दादा, यात लेन्सचा नंबर नाही. पैसे किती ते नाही. कधी देणार ते पण नाही."

"मावशी, विश्वास ठेवा. आम्ही काय पळून जातोय का?"

"विश्वास आहे म्हणून तर आलो. पण तुम्हाला पन्नास गिऱ्हाइकं. लक्षात कुणाकुणाचं ठेवाल? लिहून द्या, म्हणजे तुमचीबी काळजी मिटली."

कारागीर हसला. त्याने लेन्सवरचा नंबर लिहिला. रक्कम २,४०० लिहिली. यापेक्षा जास्त लागल्यास आधी फोन करीन, असे लिहिले. तारीख घातली. तीन महिन्यांची हमी लिहिली. काढलेली जुनी पट्टी परत देईन, हेही लिहिले. आईने पुन्हा सगळे वाचले आणि मग सही केली. तिने आयुष्यभर अंगठा उठवला होता. बचत गटाच्या कर्जावरही अंगठाच होता. आज मात्र तिने कागद वाचून सही केली.

कॅमेरा दुरुस्तीला देताना कार्ड आणि बॅटरी घरी ठेवावी. बॅटरी मागितली, तर तिची नोंद पावतीवर करून घ्यावी.

काम वाईट केले, ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले किंवा वस्तू हरवली, तर काय करावे? पूर्वी १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता. त्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. तुम्ही म्हणाल, "मुलगा तर धंदा करतो, तो ग्राहक कसा?" कायद्यात सांगितले आहे की, स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू असेल तर तिचा मालक ग्राहकच. पण तक्रारीला पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे पावती.

कॅमेरा कामातून गेला तर तो उकिरड्यावर टाकू नये, जाळू नये. त्यातल्या धातूंनी आणि धुराने अपाय होतो. जुन्या विजेच्या वस्तूंसाठी २०२२ चे नवे नियम झाले आणि ते एप्रिल २०२३ पासून लागू झाले. अशा वस्तू परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याकडेच द्याव्यात. कधी दुरुस्तीवालाही सुट्या भागांसाठी चार पैसे देतो. देण्यापूर्वी कार्ड काढायला विसरू नये.

शेवटी काय झाले?

दुसरे लग्न भाड्याच्या लेन्सने पार पडले. बाराव्या दिवशी मुलाची लेन्स परत आली. त्याने छिद्र लहान करून दुकानातच वीस फोटो काढले आणि मगच पैसे दिले. पहिल्या लग्नाचे बाराशे फोटोही नवरीच्या घरी वेळेवर पोचले. त्या महिन्याचा हप्ता चुकला नाही.

घरी आल्यावर आईने वहीत शेवटची ओळ लिहिली, "लेन्स ठीक." मग वही देवळीत ठेवली. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला होता. सून म्हणाली, "आत्याबाई, ती वही उद्या पुन्हा लागंल."

ध्यानात ठेवा

१. कॅमेरा घरी खोलू नये.
२. आधी फोटो वाचवावेत, मग कॅमेरा.
३. तपासणी सोप्यापासून अवघडाकडे करावी. एका वेळी एकच वस्तू बदलावी.
४. वस्तू न पाहता सांगितलेल्या खर्चावर विसंबू नये.
५. दुरुस्तीचा खर्च तशाच जुन्या वस्तूच्या निम्म्याहून जास्त असेल तर थांबून विचार करावा.
६. पावती वाचावी. नंबर, रक्कम, तारीख आणि हमी पाहूनच सही करावी.

प्रश्न

१. बाबांनी पेचकस खाली ठेवायला का सांगितले?
२. दोष कॅमेऱ्यात नसून लेन्समध्ये आहे, हे कशावरून कळले?
३. आईने पावतीवर कोणकोणत्या गोष्टी लिहून घेतल्या?
४. तुमच्या घरातील एखादी बिघडलेली वस्तू घ्या. ती कधी बिघडली, तेव्हा काय झाले, हे चार ओळींत लिहा.

हिशेब करा

एका कॅमेऱ्याचे शटर ७०,००० वेळा चालले आहे. ते १,००,००० वेळा चालेल असे धरा. मालक एका कार्यात १,००० फोटो काढतो. अजून किती कार्ये होतील? एका कार्यामागे ३,००० रुपये उरत असतील, तर ५,००० रुपयांची दुरुस्ती करावी का? कारण लिहा.